कणगीवरची रेघ

निफाडच्या सिंधुबाईच्या घरी दर उन्हाळ्यात बारा डबे गहू भरला जायचा. निवडून, एरंडेल चोळून, मधेमधे कडुलिंबाचा वाळला पाला घालून डबे ओळीनं कोठीत लागायचे. द्राक्षबागाईतदाराची बायको, घरात कशाची ददात नव्हती. तरी आल्यागेल्याला ती कोठीचं दार उघडून डबे दाखवायची आणि पाहुणे म्हणायचे, बाई मोठी संसारी. भागीबाईनं तेच केलं. पत्र्याच्या डब्यात नाही, बांबूच्या कणगीत. गहू नाही, नागली. तर सरकारनं तिच्या घराचं नाव गरिबांच्या यादीतून काढून टाकलं.

खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण हे वाचून ज्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही, त्याच्यासाठी ती पहिल्यापासून सांगायला हवी.

पेठ तालुक्यात डांबरी रस्ता सोडून तासभर चाललं की बोरदरी नावाचा पाडा लागतो. पंचवीस-तीस घरं, उतारावरची वावरं आणि पावसात तुंबणारा एक ओहळ. भागीबाई, तिचा नवरा चंदर आणि मुलगा राजू तिथले. खाचरात थोडा भात, माळावर नागली म्हणजे नाचणी, बांधाला उडीद. दिवाळी झाली की दाराला कडी लावायची आणि निफाडला सिंधुबाईच्या बागेत कामाला जायचं, ते पेरणीच्या आधी परत यायचं. राजू तिथंच जन्मला. बागेच्या कडेला फवारणीच्या औषधाचे डबे ठेवायची पत्र्याची खोप होती, तीत. तिसऱ्या दिवशी भागीबाई छाटलेल्या काड्या गोळा करायला पुन्हा ओळीत उभी होती. ही हकिकत ती कधी रंगवून सांगत नसे. "गाईला तरी पाच दिस कोन जुपत नाय," एवढंच म्हणायची आणि पुढचं काम हातात घ्यायची.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यानं घरात काही ठेवलं नाही. पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही आणि कापणीला आलेली नागली उभ्या उभ्या काळी पडली. पुढच्या वर्षी ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, घरात दळायला दाणा उरला नाही. तेव्हा भागीबाईनं आढ्याला टांगलेला बियाण्याचा वाळका भोपळा खाली उतरवला, फोडला आणि त्यातली नागली दळली. त्या डोंगरात बियाणं खाणं ही चोरीपेक्षा वाईट गोष्ट. जेवताना चंदरनं मान वर केली नाही. पेरायला मग तिनं भावाच्या दारात जाऊन पदर पसरला. भावानं बियाणं दिलं, पण भावजय दारात उभी राहून बघत होती. ते बघणं भागीबाई पुढं कधी विसरली नाही.

त्याच कार्तिकात तिनं चंदरला बांबू तोडून आणायला लावले. चंदरच्या हाताला विणकाम होतं. त्यानं छातीएवढी उंच कणगी विणली. भागीबाईनं तिला आतून-बाहेरून शेण आणि तांबड्या मातीचा लेप दिला, वाळवला, पुन्हा राखेचं पाणी फिरवलं. वरचं तोंड मोठं आणि तळाशी मुठीएवढं भोक, त्याला चिंध्यांचा घट्ट बोळा. नवी नागली वरून ओतायची आणि तोंड लिंपून टाकायचं. काढायची वेळ आली तर बोळा ओढून तळाची, म्हणजे सगळ्यांत जुनी, आधी काढायची. नागलीला कीड लागत नाही, वास येत नाही. कोरडी राहिली तर दहा वर्षंसुद्धा तशीच राहते. एरंडेल नको, औषध नको, विकत आणायचं काहीच नको.

आता ज्यांच्याकडे खायलाच पुरत नाही त्यांनी साठवायचं कुठून, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडेल. भागीबाईलाही पडला होता. तिनं तो असा सोडवला, की रेशनचं तोंडाला आणि नागली कणगीला. रेशन दुकानात स्वस्तात मिळणारे तांदूळ-गहू, खडे निघोत की सोंडे निघोत, घरात आधी ते संपायचे. शेतातली नागली जमेल तेवढी कणगीत जायची. शिवाय दर दळणाला एक मूठ मागं. सूप हातात घेतलं की पहिली मूठ बाजूच्या गाडग्यात, मग दळायला. गाडगं भरलं की कणगीत. राजू शाळकरी असताना चिडायचा, की आये, त्या मुठीत माझी एक भाकरी गेली. चंदर म्हणायचा, "हिनं माझ्याशी नाय, कणगीशी लगीन लावलंया." भागीबाई दोघांचं ऐकून घ्यायची आणि मूठ काढायची.

राखेत घोळलेले उडीद मडक्यात, वाळवलेली मोहाची फुलं आणि रानभाज्या टोपल्यात, मीठ मातीच्या भांड्यात चुलीच्या वर. सात-आठ वर्षांत तिनं घराच्या त्या एका कोपऱ्याला असं काही रूप आणलं, की बाहेर काय वाटेल ते होवो, चार माणसं चार-सहा महिने जगली असती. कणगीला जमिनीपासून गुडघाभर उंचीवर तिनं बिब्ब्यानं एक काळी रेघ ओढली. रेघेच्या वरचं अडीअडचणीला. रेघेच्या खालचं बाळंतपणाला आणि आजारपणाला. त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. आत किती आहे हे बघायला ती लिंपलेलं तोंड फोडत नसे. बोटाच्या पेरानं कणगीवर वरून खाली ठोकत यायची. पोकळ आवाज बदलून ठस्स झाला की तिथपर्यंत दाणा.

सत्त्याण्णवात आणि पुन्हा दोन हजार साली पाड्यातली निम्मी घरं भादव्यातच, लेकरं पाठीशी बांधून, भर पावसात कामाला उतरली. भागीबाईच्या घरातून दोन्ही वर्षी दोन वेळ धूर निघत होता. शेजाऱ्यांनी पायलीनं नागली नेली आणि कार्तिकात तेवढीच, वर कणसरीची एक मूठ घालून, परत आणून ओतली. कणसरी म्हणजे धान्याची देवी. ती कणगीत राहते. तिच्यासमोर "नाही" म्हणायचं नसतं. घरात दाणा नसला तरी कणगीपुढं उभं राहून कुणी विचारलं, तर बाईनं म्हणायचं, भरलेलं हाय. कमी आहे, संपलं, उपाशी आहोत, हे शब्द तिच्या कानावर गेले तर ती उठून जाते. हे तिथं शिकवावं लागत नाही. मुली चालायला लागतात तेव्हाच त्यांना ठाऊक होतं.

आणि नेमकं इथंच भागीबाई फसली.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्याच्या शेवटी, सगळे निफाडहून परतल्यावर, गरिबांची मोजणी करायला एक माणूस आला. गळ्यात पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. उन्हातून आला म्हणून भागीबाईनं त्याला आत गारव्याला बसवलं, पाणी दिलं. गारवा कणगीच्या कोपऱ्यात. तो कणगीला पाठ टेकून बसला आणि प्रश्न विचारायला लागला. जमीन किती, कपडे किती, संडास आहे का, पंखा आहे का. भागीबाई सरळ सांगत गेली. मग त्यानं विचारलं, "वर्षभर दोन वेळचं जेवण मिळतं का घरात?"

भागीबाईनं कणगीकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "कणसरीच्या किरपेनं भरलेलं हाय."

त्या माणसानं मागं वळून कणगीवर थाप मारली. ठस्स आवाज आला. "वा, मावशी," तो म्हणाला, "सगळ्या पाड्यानं तुमच्यासारखं केलं तर सरकारला काही कामच उरणार नाही." आणि त्यानं फॉर्मवर खूण केली. भागीबाईला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या कोपऱ्याचं कौतुक करणारा तो पहिला परका माणूस होता.

पुढं यादी लागली तेव्हा तीत चंदरचं नाव नव्हतं. पिवळं रेशनकार्ड जाऊन केशरी आलं आणि स्वस्त धान्य बंद झालं. पाड्यात मोटारसायकल एकट्या गोटीरामकडे होती. त्याचं कार्ड पिवळंच राहिलं. त्यानं मोजणीच्या आदल्या दिवशी घरातली पोती मेव्हण्याकडे हलवली होती आणि ओसरीवर बसून सांगितलं होतं, की आम्ही एक वेळ जेवतो. गोटीराम मनानं वाईट नव्हता. फॉर्म काय मागतो ते त्याला कळत होतं, एवढंच. त्यानं भागीबाईला सांगितलंसुद्धा, "काकू, तू हात कशाला जोडले? रडायचं असतं तिथं."

भागीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तालुक्याला गेली. एकदा नाही, चारदा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्ज चुकीच्या कागदावर. पाचव्या खेपेला टेबलामागच्या कारकुनानं कागद वाचले आणि विचारलं, "पण बाई, घरात धान्य आहे ना?"

"ते खायाला नाय, ठिवायला हाय," भागीबाई म्हणाली.

"ठेवलेलं धान्य म्हणजे धान्यच झालं की."

"सायेब, रेशन मिळत होतं म्हनून ते ठिवलं. आता रेशन बंद केलंत, तर ते खाऊ. खाऊन संपलं मंग द्याल का कार्ड?"

कारकून म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. दहा-अकरा वर्षं पोटाला चिमटा काढून उभं केलेलं आधी संपवून टाक, कंगाल हो, मग ये, आम्ही बसलोच आहोत; त्या खुर्चीतून आलेल्या उत्तराचा अर्थ हाच होता आणि त्यात कुणालाही काही चमत्कारिक वाटत नव्हतं. सरकारनं एक रेषा आखली होती आणि भागीबाईनं एक रेघ ओढली होती. एवढ्या मोठ्या सरकारला तिची रेघ दिसली नाही. तिनं अंगठा उठवून फेरतपासणीचा अर्ज दिला आणि घरी आली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कणगी खाली खाली येत गेली. आता रोजचंच त्यातून निघत होतं आणि वरून जेमतेम पडत होतं. दुसरी छोटी कणगी होती ती रिकामीच झाली. मधल्या काळात राजूचं लग्न झालं, सविता सून म्हणून घरी आली. दोन हजार सहाच्या श्रावणात सविताला सातवा महिना होता. भागीबाईनं मनाशी एकच गोष्ट धरली होती: ही पोर पोट घेऊन निफाडला जाणार नाही. बाळंत होईल ती याच घरात, आणि सव्वा महिना उठणार नाही. त्यासाठी रेघेच्या खालची नागली हवी. ठोकून पाहिलं तर दाणा रेघेच्या वर जेमतेम दोन बोटं होता. कार्तिकात नवी नागली येईपर्यंत, आंबील पिऊन, रानभाजीवर भागवून, कसंबसं निभणार होतं.

आणि त्याच श्रावणात फेरतपासणीचा निरोप आला. साहेब येणार.

राजू म्हणाला, "आये, कणगी शेजारच्या बहिरूकाकाच्या घरी नेऊन ठिवू. दोन दिसाचा तर सवाल हाय."

"चोरीचा माल हाय का तो?" भागीबाई म्हणाली.

"मंग निदान घोंगडी टाक वरून. आनि नाय म्हन. तोंडानं एकदा नाय म्हनायला काय जातं?"

भागीबाई त्यावर दोन दिवस विचार करत होती. मग तिनं तोड काढली. साहेब आले की त्यांना घरात बसवायचंच नाही. अंगणाच्या टोकाला, आंब्याखाली, बाज टाकायची. तिथून कणगीला ऐकू जात नाही. तिथं तिला खरं ते सगळं सांगता आलं असतं. राजू हसला, पण बाज नेऊन ठेवली.

साहेब आले ते धो धो पावसात, छत्री उलटी झालेली, बरोबर एक कारकून. जीप आणि ड्रायव्हर ओहळापलीकडे. दोघं चिंब भिजून कुडकुडत होते. अशा माणसांना आंब्याखाली बस म्हणणारी भागीबाई नव्हती. तिनं त्यांना चुलीजवळ घेतलं, चंदरचं कोरडं धोतर दिलं. तासाभरात ओहळ दोन पुरुष चढला आणि परतीची वाट बंद झाली. साहेब काळजीत पडले. पाड्यात दुकान नव्हतं आणि श्रावणात कुणाच्या घरी पाहुण्याला वाढण्याइतकं नव्हतं. गोटीराम तर मेव्हण्याच्या गावी गेला होता.

सवितानं सासूकडे पाहिलं. तिला रेघ माहीत होती, ती कुणासाठी आहे तेही माहीत होतं. "आत्याबाय, किती काढू?" तिनं हळू विचारलं.

"पोटभर काढ," भागीबाई म्हणाली. कणगीसमोर दुसरं काय म्हणणार.

दोन दिवस पाऊस थांबला नाही. साहेब आणि कारकून चार वेळा जेवले. गरम भाकरी, उडदाचं दाट भुजं, वाळवलेली भाजी. साहेब माणूस साधा होता. पहिल्या जेवणात तो संकोचला, दुसऱ्यात त्यानं मागून घेतलं. ही नागली कितव्या सालची, असं त्यानं विचारलं. भागीबाईनं सांगितलं, तळाची आहे, चार-पाच वर्षं झाली असतील. त्यानं भाकरी नाकाला लावून पाहिली. "वास नाही, कीड नाही," तो कारकुनाला म्हणाला, "आपल्या गोदामात सहा महिन्यांत जाळी धरते." घरातली चौघं त्या दोन दिवसांत आंबिलीवर होती. तीही पाहुण्यांना दिसू नये म्हणून मागच्या पडवीत बसून प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहळ उतरला. साहेबांनी कपडे घातले आणि पिशवीतून फॉर्म काढला. "आजी," ते म्हणाले, "हा प्रश्न मला विचारावा लागतो. दोन वेळचं जेवण..."

"हितं नको," भागीबाई म्हणाली. "भायेर चला."

बारीक पाऊस होता. ती पुढं, साहेब मागं, असे दोघं आंब्याखाली गेले. तिथं ती वळली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते शब्द तोंडाबाहेर काढले.

"नाय पुरत, सायेब. दाना कमी हाय. आमी एक येळ आंबील पितो. कनगीत जे हाय ते सुनंच्या बाळंतपनाचं हाय. माझं पोर निफाडला औषिधाच्या खोपीत झालं. हिचं तिथं होऊ नये म्हनून ठिवलंय ते. आता लिवा."

फॉर्मवर पावसाचे थेंब पडत होते, ते साहेबांनी बाहीनं टिपले. ते खोटं बोलले असते तर तिला इतका राग आला नसता. ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "आजी, मी स्वतः इथं चार वेळा पोटभर जेवलो. माझ्या डोळ्यांनी धान्य पाहिलं. नाही कसं लिहू? आणि बाळंतपणासाठी ठेवलेलं धान्य, असा यात रकानाच नाही."

"तुमी माझ्या घरी जेवला, त्याला रकाना हाय?"

साहेबांनी आडोशाला होऊन खूण केली, सही केली, कारकुनाची सही घेतली. राजू दात-ओठ खात पुढं आला, तर भागीबाईनं त्याचा दंड धरून त्याला मागं लोटलं. ती घरात गेली. कणगीपाशी बसली आणि वरून खाली ठोकत आली. पोकळ, पोकळ, पोकळ. रेघेपाशी आवाज ठस्स झाला. वरची दोन बोटं नागली दोन दिवसांत गेली होती.

सविता दारात उभी होती. "काय झालं, आत्याबाय?"

"भरलेलं हाय," भागीबाई म्हणाली आणि उठली. तिनं दुसरं लुगडं, विळी आणि मिठाची पुरचुंडी एका फडक्यात बांधली. चंदरला सांगितलं, की एक तोंड कमी झालं म्हणजे पोरीला कार्तिकापर्यंत पुरेल. राजू म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, तुझी गरज इथं आहे, झोळी करून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मी म्हातारी काय करू.

साहेब ओहळ उतरून जीपपाशी पोचले, तर भागीबाई गाठोडं घेऊन आधीच मागच्या सीटवर बसलेली. "नाशकाच्या स्टँडवर सोडा," ती म्हणाली. "तिथून निफाडची गाडी मिळती."

पेठचा घाट संपेपर्यंत कारकून खिडकीतून बाहेर बघत होता. नाशिकच्या स्टँडवर ती उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं. तेव्हा साहेबांना राहवलं नाही. त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "आजी, घरात एवढं असताना या वयात कामाला कशाला निघालात?"

"तुमी जेवलात ना," भागीबाई म्हणाली, "त्ये परत भरायला."

निफाडची गाडी लागलेली होती. ती जाऊन मागच्या बाकावर बसली.